एक डावी, एक उजवी

मी एक जुने शिडाचे जहाज आहे. पण मित्रांनो, समुद्र कसा असतो हे मला विचारू नका. मी तो पाहिलेला नाही. ज्यांनी मला घडवले त्यांनीही पाहिला नव्हता. माझी लांबी हातभर. तीन डोलकाठ्या, नऊ शिडे आणि पोटात तेरा बरगड्या. पुढच्या खोलीतल्या कपाटावर मी उभे असते. नीट पाहिलेत तर तुमच्या लक्षात येईल, मी किंचित डावीकडे वळलेले आहे. पाहुणे मान तिरकी करून बघतात आणि मग कपाटच तिरके आहे की काय, म्हणून खाली वाकून पाहतात. कपाट सरळ आहे. ते आजोबांनीच केलेले आहे.

आजोबा म्हणजे मला घडवणारे. ते सुतार. दारे-खिडक्यांच्या एका कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षे काढली. एक डोळा मिटून चौकटीकडे बघितले की केसभराचा फरक त्यांना कळत असे. कामावरून निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी शेजाऱ्यांच्या कड्या-कोयंडे दुरुस्त केले. मग घरातले एकही स्टूल डुगडुगेनासे झाले, तेव्हा त्यांचे हात बेचैन झाले. भिंतीवर एक कॅलेंडर होते. त्या महिन्याच्या पानावर शिडाच्या जहाजाचे चित्र होते. महिना संपला तरी आजोबा ते पान उलटू देईनात.

"अहो, नवीन महिना लागून आठ दिवस झाले," आजी म्हणाली.

"लागू दे. या चित्रात एक तरी रेघ सरळ आहे का, बघ."

"नाही दिसत."

"तेच म्हणतो मी. जन्मभर सरळ केलं. आता एक वाकडं करतो."

"कुणाला हवंय?"

"कुणाला नकोय, म्हणून तर करतो. तुझ्यासाठी करतो. बागेतल्या तळ्यात सोडू. मी इकडून सोडीन, तू तिकडच्या काठाला उभी राहून धर."

"या वयात तळ्याकाठी उभी राहू?"

"मग काय तळ्यात उभी राहतेस?"

आजी हसली नाही. पण त्या दिवशी आजोबांच्या चहात साखर जरा जास्तच पडली. मित्रांनो, आजोबांनी आजवर केलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी माप देऊन करून घेतलेली होती. बायकोसाठी, मनानेच, कुणी न सांगता केलेली वस्तू म्हणजे मी पहिलीच. म्हणून मला सरळ जायचे होते. या काठावरून त्या काठाला, तिच्या हातात.

माझा कणा एका जुन्या खिडकीच्या चौकटीतून निघाला. घराला सरकत्या काचांच्या खिडक्या बसवल्या, तेव्हा ती चौकट भंगारात जाणार होती. आजोबांनी ती पलंगाखाली सरकवून ठेवली होती. त्याच खिडकीशी शिवणयंत्र ठेवून आजी वीस वर्षे बसली होती, त्यामुळे तिच्या पायांची लय माझ्या लाकडाला आधीपासून ठाऊक होती. पहिला कणा आजोबांनी करून टाकून दिला. दुसराही टाकला. का, ते आजीला काही दिसले नाही.

"चांगला तर आहे," ती म्हणाली.

"तुला चांगला दिसतो. पाण्याला नाही दिसणार."

तिसरा कणा त्यांच्या मनास आला. मग बरगड्या कापल्या, कानशीने घासल्या, एकेक करून कण्यावर उभ्या केल्या. मी तेव्हा एखाद्या माशाच्या काट्यासारखे दिसत होते. आता माझ्या अंगावर पट्ट्या चढवायच्या होत्या. पट्टी म्हणजे बोटभर रुंदीची पातळ लाकडी फीत. ती गरम पाण्यात भिजवायची, मऊ झाली की बरगड्यांवर वाकवायची, सरस लावायचा आणि वाळेपर्यंत चिमट्यांनी धरून ठेवायची. गरम पाण्याला आजीचे सगळ्यांत मोठे पातेले लागले आणि चिमटे म्हणून तिचे कपडे वाळत घालायचे चिमटे गेले.

"आज जेवायला जहाज आहे का?" दुपारी पातेल्यात डोकावून आजीने विचारले. "आणि माझे चिमटे परत द्या, चादरी उडून चालल्यात."

"जहाजाला लागलेत."

"मग चादरी जहाजालाच लावा."

आता तुम्हाला आजीच्या नेमाबद्दल सांगायला हवे. आजी देवाधर्माची. मी घडत होते त्याच्या अकरा वर्षे आधी कारखान्यात आजोबांचा उजवा हात यंत्राच्या करवतीत गेला होता. हात ठेवता येईल की नाही ते सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. रुग्णालयाच्या बाकावर बसून आजीने देवाला शब्द दिला, की हा हात राहिला तर मी जन्मभर रोज सकाळी उठल्यापासून दुपारी बारा वाजेपर्यंत मौन पाळीन. हात राहिला. दोन बोटे ताठ झाली, पण हात राहिला. त्या दिवसापासून बाराचे ठोके पडेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. पाटीवर लिहूनही ती काही सांगत नसे. ते म्हणजे देवाला फसवणे, असे तिचे म्हणणे. आजोबा थट्टेने म्हणत, "देवानं तिचं ऐकलं आणि जोडीला माझंही ऐकलं."

त्याच हाताने मला घडवले. माझ्या पट्ट्या त्या मौनाच्या वेळेतच बसू लागल्या, कारण खोलीत चांगला उजेड सकाळीच येई.

पहिली पट्टी लावली त्या दिवशी आजी चहाचा कप घेऊन दारात उभी होती. आजोबा तिला म्हणाले, "बघ, यातली खरी गोम ही आहे. एक डावी, एक उजवी. आज या अंगाला, उद्या त्या अंगाला. वाळताना पट्टी आखडते आणि कण्याला ओढते. दोन्हीकडून सारखी ओढली की कणा जागेवर राहतो. एकाच बाजूला दोन-चार लावल्या की संपलं. मग कुणाच्या बापाला सरळ करता येत नाही."

आजीने मान हलवली. ही गोष्ट लक्षात राहू द्या, मित्रांनो. तिला नियम माहीत होता.

एक डावी, एक उजवी, असे नऊ दिवस झाले. नवव्या दिवशीची पट्टी डावीकडे बसली. दहाव्या दिवशी आजोबांनी पट्टी पातेल्यातून काढली, पुसली, सरस लावला आणि पुन्हा माझ्या डाव्या अंगाला धरली.

मला वाटले, ते थांबतील. एक डोळा मिटून बघतील. त्यांनी चिमटे लावायला सुरुवात केली. गुणगुणतही होते.

आजी दारात होती. तिने पाहिले. ती आत आली आणि माझ्या उजव्या अंगाला बोट लावून दाखवले. आजोबा हसले. "हो, ती उद्या," ते म्हणाले.

आजी तशीच उभी राहिली. घड्याळात नऊ वाजले होते. मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण लाकडाला फक्त करकरता येते, आणि तेही वाळल्यावर.

बाराचे ठोके पडले. आता तिचे तोंड मोकळे झाले. मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "भाजी गरम करू का?" आजोबा म्हणाले, "कर." सरस तोपर्यंत पक्का धरला होता.

तिने तेव्हा का सांगितले नाही, हे मला पुढे तिच्याच तोंडून कळले. महिनाभर तिला काही ना काही दिसत होते. आजोबांनी लेकीला एकाच संध्याकाळी दोनदा फोन करून एकच बातमी सांगितली होती. दाराला कुलूप लावून, किल्ली हातात धरून, ते किल्ली शोधत बसले होते. प्रत्येक वेळी ती म्हणाली होती, वय झालं, होतं असं. पण पट्टी वेगळी होती. सुताराच्या हाताची गोष्ट होती. ती बोलली असती तर ते खरे झाले असते.

अकराव्या दिवशी पट्टी डावीकडेच बसली. बाराव्या दिवशीही तसेच. आजी रोज चहाचा कप घेऊन दारात यायची, बघायची आणि डोळे मिटून मनातल्या मनात देवाचे नाव घ्यायची. दुपारी ती हवेबद्दल बोलायची, शेजारणीच्या गुडघ्याबद्दल बोलायची. मला माझा कणा हळूहळू वळताना जाणवत होता. दुखत नव्हते. कुणीतरी झोपेत कूस वळवावी तसे ते होते, फक्त मला परत फिरता येत नव्हते.

तेराव्या दिवशी आजोबांनी पट्टी उचलली आणि माझ्या डाव्या अंगाकडे हात नेला.

"अहो, थांबा."

अकरा वर्षांत सकाळच्या वेळी त्या खोलीत आजीचा आवाज आला नव्हता. आजोबांच्या हातून चिमटा पडला. ते माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघू लागले.

"अगं, अजून नऊही वाजले नाहीत."

"ही बाजू झाली," आजी म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "कालही हीच केलीत. परवाही."

आजोबांनी पट्टी खाली ठेवली. उजवा तळहात माझ्या डाव्या अंगावरून फिरवला, मग उजव्या अंगावरून. मग एक डोळा मिटून माझ्या कण्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. सुताराला सांगावे लागत नाही.

"किती दिवस?"

"चार पट्ट्या लागोपाठ डावीकडे आहेत. तीन जास्तीच्या."

"आणि तू बघत होतीस."

 आजी म्हणाली, "मौन सकाळचं होतं. दुपारी काय झालं होतं मला, देव जाणे."

आजोबा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी वाकून चिमटा उचलला, तो आपल्या सदऱ्याच्या खिशाला लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांनी एक पट्टी उचकटून पाहिली. ती उभी चिरली आणि खालची बरगडीही तडकायला आली. तेव्हा हात थांबवला. पुढचे तीन दिवस त्यांनी उजवीकडेच पट्ट्या लावल्या, म्हणजे कणा परत येईल असे त्यांना वाटले. तो आला नाही. कणा जिथे वळला होता तिथेच थबकला.

लेक आली आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आल्यावर तिघेही या खोलीत बसले. विसरण्याचा आजार आहे, औषधाने तो थांबणार नाही, फक्त सावकाश चालेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. लेकीने रडून घेतले आणि मग विचारले, "आई, हे केव्हापासून आहे? डॉक्टर विचारत होते, तुला सांगता आलं नाही."

"दहाव्या पट्टीपासून," आजी म्हणाली.

लेकीला काही कळले नाही. आजोबा मात्र चहा पिता पिता थांबले आणि म्हणाले, "दहाव्या नाही, आधीपासून असेल. दहावीला दिसलं."

त्यानंतर आजीने नेमाची वेळ बदलली. देवाला तिने काय सांगितले ते तिचे तिला ठाऊक. सकाळी ती आजोबांच्या शेजारी स्टूल घेऊन बसू लागली आणि रोज मोठ्याने सांगू लागली, "आज उजवी." "आज डावी." मौन तिने संध्याकाळी, दिवेलागणीपासून निजेपर्यंत, धरले.

"म्हणजे आता संध्याकाळी शांतता," आजोबा म्हणाले. "बरं झालं. सकाळी तसाही मी कामात असतो."

पट्ट्या संपल्या. काचपेपरने घासून त्यांनी मला असे गुळगुळीत केले की माशी घसरावी. शिडे आजोबांच्या जुन्या सदऱ्याच्या पाठीच्या कापडाची केली. दोर म्हणजे आजीचा शिवणाचा दोरा, मेणबत्तीवर घासलेला. आजोबांच्या ताठ बोटांना बारीक गाठी मारता येईनात, म्हणून सगळ्या गाठी आजीने मारल्या. प्रत्येक गाठीला ती ओठांतल्या ओठांत नाम घेई. किती गाठी आहेत ते मी मोजले नाही. पण एकही अजून सुटलेली नाही.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. शेजारचे लोक बघायला आले. पोस्टमन पत्र देऊन पाच मिनिटे उभा राहिला. एक गृहस्थ म्हणाले, "वा, मुद्दाम वाऱ्यावर वळलेलं दाखवलंय का?" आजी म्हणाली, "हो." आजोबा आळीपाळीने दोघांकडे बघत राहिले. मी वाकडे आहे हे तोपर्यंत ते विसरले होते.

तळे मात्र ते विसरले नव्हते. "आज सोडायचं ना?" असे ते रोज उठल्याबरोबर विचारत. आजी आज नको, वारा आहे म्हणे. आज नको, ऊन आहे म्हणे. पण वारा आणि ऊन यांची कारणे किती दिवस पुरणार? एके दिवशी तिने मला टॉवेलमध्ये गुंडाळून पिशवीत ठेवले आणि दोघे निघाले.

तळे मोठे नव्हते. तुम्ही एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाईल, एवढेच. आजीने आजोबांना या काठावरच्या बाकाजवळ उभे केले आणि म्हणाली, "मी पलीकडे जाते. हात वर केला की सोडा." मग ती वळसा घालून पलीकडे गेली. तिने हात वर केला. आजोबांनी मला पाण्यावर ठेवले, सोडले, आणि एक डोळा मिटून बघू लागले.

मित्रांनो, ते क्षण मी कधीच विसरणार नाही. शिडांत वारा भरला. पाणी माझ्या अंगाला पहिल्यांदाच लागत होते. मी सरळ आजीकडे निघाले. तिने दोन्ही हात पुढे केले होते, लहान मुलाला चालायला शिकवताना धरतात तसे. मी निम्म्या तळ्यापर्यंत गेले. मग माझा कणा मला डावीकडे ओढू लागला.

मी खूप जोर केला, असे सांगायला मला आवडले असते. पण जहाजाला जोर करता येत नाही. मी वळत गेले. आजीचे हात मागे पडले, मग बाग दिसली, मग आजोबा दिसले. मी तळ्याच्या मध्यावर गोल फिरत राहिले, आणि प्रत्येक फेरीत मला एकदा ती दिसे, एकदा ते दिसत.

दुसऱ्या फेरीत आजोबा माझ्याकडे बघत नव्हते. ते इकडेतिकडे बघत होते. आपण इथे कुणाबरोबर आलो, हे ते शोधत होते. आजी पलीकडून हात हलवत होती, हाका मारत होती. पण कुणी बाई कुणाला तरी बोलावते आहे, अशा नजरेने त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि नजर वळवली. तिसऱ्या फेरीत मला आजी वळसा घालून धावताना दिसली. तिला धावता येत नव्हते. चौथ्या फेरीत आजोबा बाकावर बसून रडत होते.

मी फिरतच राहिले. दुसरे काही मला येत नव्हते.

बागेच्या माळ्याने पालापाचोळा काढायच्या लांब जाळीने मला ओढून काढले. आजी तोवर धापा टाकत पोचली होती.

"आजी, जहाज तुमचं का?" माळ्याने विचारले. "आजोबा म्हणतात, त्यांचं नाही."

"आमचंच आहे," आजी म्हणाली आणि बाकावर आजोबांच्या शेजारी बसली. तिला बघून त्यांच्या जिवात जीव आला. त्यांनी तिचा हात धरून ठेवला. मग माळ्याच्या हातातून मला घेतले, सदऱ्याच्या बाहीने पाणी पुसले आणि एक डोळा मिटून माझ्या कण्याकडे पाहिले.

"हे वाकडं झालंय," ते म्हणाले. "कुणी केलं?"

 अजून सकाळच होती.

"मी," ती म्हणाली. "माझं चुकलं."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाकडे ते असेच बघत असतील.

"पहिलंच आहे का?"

"पहिलंच."

"मग असू दे. पहिल्यांदा होतं असं. एक डावी, एक उजवी, एवढं लक्षात ठेव."

"ठेवते," आजी म्हणाली.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. तेव्हापासून मी कपाटावर आहे. मधल्या दोरांत कोळ्याने घर केले आहे, एक शीड पिवळे पडले आहे. आजीला आता पूर्वीसारखा हात वर नेऊन झाडता येत नाही. मला कुणी फारसे बघायला येत नाही, आणि त्याचे मला वाईटही वाटत नाही. आजोबा समोरच्या खुर्चीत बसतात. आजीचे नाव त्यांना रोज आठवतेच असे नाही. पण सकाळचा उजेड माझ्यावर पडला की ते मान वर करतात, एक डोळा मिटतात आणि विचारतात, "हे वाकडं कुणी केलं?"

आजी म्हणते, "मी." आजोबा तिला नियम सांगतात. ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकते. तिचा आताचा सकाळचा नेम एवढाच आहे, आणि तो तिने एकाही दिवशी मोडलेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी वाकडी वस्तू असेल तर तिची धूळ पुसा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एक सांगते. आपल्या माणसाचा हात चुकीच्या बाजूला जाताना दिसला, तर बाराच्या ठोक्याची वाट पाहू नका. हळू आवाजात सांगा, त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसा, पण लगेच सांगा. मला सांगता आले नाही, कारण मी लाकूड होते. तुम्हाला तोंड आहे. सरस सकाळीच धरतो.